राणी गेली, कारकुनाचा खटला राहिला

वर्षावासातल्या एका रविवारी विहारात ग्रंथवाचन झाले, खीरदान झाले, आणि मंडळी घरी निघण्याच्या बेतात असताना बारावीत शिकणारा एक मुलगा आमच्याजवळ येऊन उभा राहिला. म्हणाला, "काका, श्रीलंकेच्या राज्यघटनेत बुद्ध धम्माला पहिलं स्थान दिलंय म्हणे. मग बाबासाहेब घटना लिहीत होते तेव्हा त्यांनी आपल्याकडे तसं का नाही केलं?"

प्रश्न साधा होता, पण आम्हांला चटकन उत्तर देता आले नाही. "पुढच्या रविवारी सांगतो" असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, पोटापाण्याने कारकून; कायद्याशी आमचा संबंध परिपत्रकांपुरता. तरीही मुलाला शब्द दिला होता. म्हणून वाचायला घेतले, आणि वाचता वाचता हाती लागली ती एका बेटाची हकीकत. त्या बेटाने इंग्लंडच्या राणीला नमस्कार करून निरोप दिला, प्रजासत्ताकाची गुढी उभारली, आणि त्याच दिवशी घरातल्या एका भावाच्या हातातला कागद काढून घेतला.

आमच्या वाचकांना हा देश अनोळखी नाही. आमचे वडील गिरणीत साचेखात्यात होते. बुधवारी रात्री आठ वाजता चाळीत ज्याच्या घरी रेडिओ असे त्याच्या दारात माणसे गोळा होत, कारण सिलोनवर बिनाका गीतमाला लागे. १९५२ साली आपले नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर यांना सिनेमाची गाणी थिल्लर वाटू लागली, आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार झाली, आणि हिंदी गाणी ऐकायला अख्ख्या हिंदुस्थानाला कोलंबो गाठावे लागले. हा सिलोन २२ मे १९७२ रोजी श्रीलंका झाला. रेडिओचे नावही त्या दिवशी बदलले. वडील मात्र शेवटपर्यंत सिलोनच म्हणत.

राजा लंडनला, सही कोलंबोला

अनेकांना वाटते की देश स्वतंत्र झाला म्हणजे राजा गेला. तसे नसते. १५ ऑगस्ट १९४७ ला आपण स्वतंत्र झालो, तरी २६ जानेवारी १९५० पर्यंत कायद्याच्या कागदावर आपला राजा इंग्लंडचा सहावा जॉर्जच होता आणि त्याच्या वतीने दिल्लीत गव्हर्नर जनरल बसत होता. आपण ही अवस्था अडीच वर्षांत संपवली. सिलोनला त्यासाठी चोवीस वर्षे लागली.

सिलोन ४ फेब्रुवारी १९४८ रोजी स्वतंत्र झाला. डी. एस. सेनानायके पंतप्रधान झाले. पण राजा तोच, सहावा जॉर्ज. आणि १९५२ पासून राणी दुसरी एलिझाबेथ ही 'सिलोनची राणी'. १९५४ च्या एप्रिलमध्ये ती स्वतः कोलंबोला येऊन गेली. कारभार चालवायचे मंत्री, निवडून द्यायची जनता, पण कायद्यावर सही व्हायची ती राणीच्या नावाने, तिच्या गव्हर्नर जनरलच्या हातची. फौजदारी खटल्यात आरोपीच्या विरुद्ध उभी राहायची ती राणीच. आणि कोलंबोच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पटला नाही तर शेवटचे अपील चालायचे लंडनला, प्रिव्ही कौन्सिलपुढे. आपण हे अपील १९४९ सालीच बंद केले होते.

ज्या देशाचा स्वतःचा राजा १८१५ साली कँडीतून उचलून आपल्याकडच्या वेल्लोरच्या किल्ल्यात कैदेत ठेवला गेला आणि तिथेच १८३२ साली मेला, त्या देशाला ही परकी राणी किती काळ गोड लागावी? कँडीच्या सरदारांशी २ मार्च १८१५ रोजी इंग्रजांनी जो करार केला त्यात बौद्ध धर्म आणि त्याची स्थाने अबाधित राखण्याचे वचन दिले होते. पुढे मिशनरी शाळा आल्या, इंग्रजी आली, नोकऱ्या इंग्रजी शिकलेल्यांच्या झाल्या, आणि वचन कागदावर राहिले. गावच्या सिंहली शेतकऱ्याच्या मनात ही सल होती आणि ती खरी होती. आम्ही पुढे जे लिहिणार आहोत ते वाचताना हे विसरू नये.

या देशाचे आणखी एक कौतुक सांगितलेच पाहिजे. १९३१ साली, डोनोमोर आयोगाच्या शिफारशीवरून, सिलोनमध्ये एकवीस वर्षांवरील प्रत्येक स्त्रीपुरुषाला मताचा अधिकार मिळाला. आशियात हे सर्वांत आधी तिथे झाले. १९२८ साली सायमन कमिशनपुढे बाबासाहेब प्रौढ मताधिकार मागत होते तेव्हा आपल्याकडचे मोठमोठे पुढारी अडाण्यांना मत कशाला म्हणून नाके मुरडत होते. आपल्याला ते मत प्रत्यक्ष टाकायला १९५१-५२ उजाडले. सिलोनच्या मोलकरणीने त्याआधी वीस वर्षे मत टाकले होते.

मळ्यावरची माणसे

आता जी गोष्ट सांगायची ती आम्हांला सर्वांत जवळची वाटते. चहा आपण रोज पितो. सिलोनच्या डोंगरात आधी कॉफीचे मळे होते. १८६९ नंतर पानांवर रोग पडून कॉफी बुडाली आणि चहा आला. हे मळे पिकवायला इंग्रजांनी माणसे आणली ती तामीळनाडूच्या कोरड्या जिल्ह्यांतून. त्यांत फार मोठा भाग पल्लर, परैयर, चक्किलियर या जातींचा होता. म्हणजे आपल्याच नशिबाची माणसे. गावात पाणवठा नाही, जमीन नाही, कर्ज मात्र आहे. कंगाणी नावाचा मुकादम येऊन आगाऊ पैसे देई आणि माणसे समुद्रापलीकडे जात. तिथे राहायला 'लाइन', म्हणजे एका रांगेतल्या दहा बाय बाराच्या खोल्या. गिरणगावातल्या वाचकांना अधिक वर्णन करून सांगायला नको.

१९३१ च्या मताधिकारात यांतल्या बऱ्याच जणांना मत मिळाले. १९४७ च्या निवडणुकीत त्यांचे स्वतःचे प्रतिनिधी संसदेत निवडून आले आणि आणखी काही ठिकाणी त्यांनी डाव्या उमेदवारांना हात दिला. सत्ताधाऱ्यांच्या डोळ्यांत ते खुपले. स्वातंत्र्य मिळून वर्षही झाले नव्हते तोच १९४८ चा नागरिकत्व कायदा आला. बाप कुठे जन्मला याचा पुरावा आणा, म्हणाले. ज्याच्या आज्याला मुकादमाने जहाजात घातले त्याच्याकडे कसला दाखला असणार? १९४९ मध्ये मतदानाचा कायदा बदलला आणि लाखो माणसांचे मत गेले. पुढे १९६४ साली सिरिमाव बंदरनायके आणि लालबहादूर शास्त्री यांच्यात करार झाला. त्यात ९,७५,००० माणसांची वाटणी झाली: ५,२५,००० भारताने घ्यावीत, ३,००,००० सिलोनने, उरलेल्या १,५०,००० चे नंतर पाहू. हिशेबाचे कागद आम्ही रोज हाताळतो, पण माणसांची अशी बेरीज-वजाबाकी वाचताना आमचाही हात थांबला.

हे सगळे होत असताना सिलोनच्या घटनेत २९ वे कलम होते. सोलबरी आयोगाच्या शिफारशींवर आधारलेल्या या घटनेत मूलभूत हक्कांचे प्रकरण नव्हते. अल्पसंख्याकांच्या हाती जे काही होते ते हे एकच कलम. कोणत्याही एका समाजावर किंवा धर्मावर इतरांवर नाही असे बंधन घालणारा कायदा संसदेने करू नये, आणि कोणत्याही एका समाजाला इतरांना नाही अशी सवलत देणारा कायदाही करू नये, असे त्यात म्हटले होते. मळ्यावरचे लोक हे कलम घेऊन न्यायालयात गेले. १९५३ साली प्रिव्ही कौन्सिलने सांगितले की नागरिकत्वाच्या कायद्याने या कलमाचा भंग होत नाही. तेव्हा हे कलम फार भक्कम होते असे आम्ही म्हणणार नाही. गरिबाच्या कामी ते आलेच नाही. पण एका कारकुनाच्या कामी ते येता येता राहिले.

एका वेतनवाढीची गोष्ट

१९५६ साली एस. डब्ल्यू. आर. डी. बंदरनायके निवडून आले ते चोवीस तासांत सिंहली ही एकमेव राजभाषा करतो या वचनावर. इंग्रजी जाणे योग्यच होते. पण इंग्रजीच्या जागी दोन भाषा येण्याऐवजी एकच आली. त्या वेळी संसदेत डॉ. कोल्विन आर. डिसिल्वा या समाजवादी पुढाऱ्याने बजावले होते: दोन भाषा ठेवाल तर देश एक राहील, एकच भाषा लादाल तर देशाचे दोन तुकडे होतील. हे नाव लक्षात ठेवावे, पुढे ते पुन्हा येणार आहे. बंदरनायके यांनी १९५७ साली तामिळांचे नेते चेल्वनायकम यांच्याशी समझोता केला; १९५८ च्या एप्रिलमध्ये भिक्खूंनी पंतप्रधानांच्या घरापुढे धरणे धरले आणि समझोता मोडला. १९५९ च्या सप्टेंबरमध्ये बंदरनायके यांचा खून झाला. गोळ्या झाडणारा चीवरधारी होता. हे लिहिताना बरे वाटत नाही, पण लपवून काय होणार?

त्यानंतरच्या काळात सरकारी नोकरीतल्या तामीळ कर्मचाऱ्यांना फर्मान सुटले: सिंहलीची परीक्षा पास व्हा, नाहीतर वार्षिक वेतनवाढ बंद. चेल्लय्या कोडीश्वरन नावाचे एक सरकारी कारकून होते. कारभार इंग्रजीत चालत होता तेव्हा ते नोकरीला लागले होते. परीक्षा पास नाही म्हणून १९६२ साली त्यांची वेतनवाढ रोखली गेली. त्यांनी काय करावे? त्यांनी राणीच्या सरकारवर दावा लावला.

वेतनवाढ म्हणजे काय हे ज्याने महिनाअखेर काढली आहे त्यालाच कळते. आमचीही एकदा एका खात्याअंतर्गत परीक्षेपायी अडली होती. रक्कम बोलून दाखवण्यासारखी नव्हती. पण ज्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्या माणसाला ती मिळते आणि आपल्याला नाही, त्या दिवशी घरी जाऊन बायकोला काय सांगायचे हा प्रश्न पडतो. आम्ही अर्ज लिहिले, विनंत्या केल्या, गप्प बसलो. कोडीश्वरन गप्प बसले नाहीत, म्हणून आम्हांला त्यांचे मोल अधिक वाटते.

१९६४ साली जिल्हा न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. भाषेचा कायदाच २९ व्या कलमाविरुद्ध आहे, असे न्यायाधीशांनी म्हटले. विचार करा, एका कारकुनाच्या किरकोळ पगारवाढीवरून सरकारचा सर्वांत मोठा राजकीय कायदा कोसळण्याच्या बेतात आला! सरकार अपिलात गेले. १९६७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मूळ प्रश्नाला हातच लावला नाही. सरकारी नोकर पगारासाठी राणीवर दावा लावू शकत नाही, असे सांगून त्यांनी खटला काढून टाकला. कोडीश्वरन लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे गेले. डिसेंबर १९६९ मध्ये त्यांनी निकाल फिरवला: नोकर दावा लावू शकतो, आता भाषेचा कायदा घटनेत बसतो की नाही हे कोलंबोच्या न्यायालयाने तपासावे, असे म्हणून प्रकरण परत पाठवले.

त्याआधी १९६४ साली दुसऱ्या एका खटल्यात याच लंडनच्या न्यायाधीशांनी जाता जाता म्हटले होते की २९ वे कलम हा सिलोनच्या नागरिकांनी आपसांत केलेला करार आहे आणि तो बदलता येण्यासारखा नाही. कोलंबोतल्या सत्ताधाऱ्यांना हे वाक्य झोंबले. संसदेचे दोनतृतीयांश मत पाठीशी असले तरी जे कलम हलत नाही, ते हलवायचे कसे? उपाय एकच: घटना दुरुस्त करायची नाही, घटनाच टाकून द्यायची.

नाट्यगृहात घटना

२७ मे १९७० च्या निवडणुकीत सिरिमाव बंदरनायके यांच्या संयुक्त आघाडीला १५१ पैकी ११६ जागा मिळाल्या. सिरिमाव या पतीच्या खुनानंतर राजकारणात आलेल्या. १९६० साली त्या जगातल्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या होत्या. नवी घटना करण्यासाठी कौल द्या, असे त्यांनी जाहीरनाम्यात स्पष्ट मागितले होते, म्हणजे चोरून काही केले नाही. आघाडीत समाजवादी आणि कम्युनिस्ट होते. घटना खात्याचे मंत्री झाले तेच डॉ. कोल्विन आर. डिसिल्वा. भाषेच्या प्रश्नावर १९५६ साली ज्यांनी देशाला सावध केले तेच.

१९ जुलै १९७० रोजी लोकसभेचे सर्व सभासद घटना समिती म्हणून जमले. कुठे जमले? संसद भवनात नव्हे. कोलंबोच्या रॉयल कॉलेजच्या 'नवरंगहल' नावाच्या नाट्यगृहात. यात मोठी खोच होती. संसद भवनात बसून राणीने दिलेल्या घटनेप्रमाणे नवी घटना केली, तर तिचे मूळ राणीच्या हुकुमातच राहणार. त्यांना मुळापासून वेगळे रोप हवे होते, आपल्या मातीत उगवलेले. म्हणून जागाही वेगळी घेतली. आपल्याकडे हे काम निराळ्या रीतीने झाले. आपली घटना समिती बसली संसदेच्याच वास्तूत, पण तिने ३९५ व्या कलमात १९४७ चा भारतीय स्वातंत्र्याचा इंग्रजी कायदाच रद्द करून टाकला. ज्या शिडीने चढलो ती वर पोचल्यावर काढून घेतली.

नवरंगहलात जे बसले ते सगळे एका विचाराचे नव्हते. तामिळांचा फेडरल पक्ष आला होता. त्यांनी संघराज्याचा आराखडा मांडला, तो फेटाळला गेला. तामीळ भाषेला घटनेत सिंहलीच्या जोडीने जागा द्या म्हणाले, तेही झाले नाही. जून १९७१ मध्ये ते बाहेर पडले ते परत आलेच नाहीत. ज्याच्यासाठी घर बांधायचे तो जोत्यावरूनच उठून गेला, आणि बांधकाम चालू राहिले.

मध्येच १९७१ च्या एप्रिलमध्ये बेकार सिंहली तरुणांनी, बहुतेक सगळे गरीब आणि बौद्ध घरांतले, जनता विमुक्ती पेरमुना या पक्षाच्या झेंड्याखाली बंड केले. हजारो पोरे मारली गेली. नवी घटना आली ती आणीबाणी लागू असतानाच.

२२ मे १९७२ रोजी शुभमुहूर्त पाहून घटना मंजूर झाली. (मार्क्सवादी मंत्र्याने लिहिलेल्या घटनेला मुहूर्त! आपल्याकडे कारखान्यात यंत्रापुढे नारळ फुटतो तसेच.) ११९ मते बाजूने, १६ विरुद्ध. दोन वाक्यांत सांगायचे तर: श्रीलंका हे स्वतंत्र, सार्वभौम प्रजासत्ताक झाले. विल्यम गोपल्लव, जे १९६२ पासून राणीचे गव्हर्नर जनरल होते, तेच पहिले राष्ट्रपती झाले. क्वीन्स हाऊसचे राष्ट्रपती भवन झाले, रॉयल सिलोन नेव्हीतला 'रॉयल' गेला. लंडनचे अपील आधीच, १९७१ साली, बंद झाले होते. एक गोळीही न झाडता १५७ वर्षांचा ब्रिटिश मुकुट उतरला. तो दिवस तिथल्या माणसांना अभिमानाचा वाटला असेल, आणि वाटायलाच हवा होता.

पण आत काय लिहिले होते? सिंहली ही राजभाषा, जी आजवर साध्या कायद्यात होती, ती आता घटनेत गेली. राज्य एकात्म राहील, संघराज्य नाही. राष्ट्रीय विधिमंडळ हे सर्वोच्च. त्याने केलेला कायदा एकदा झाला की कोणत्याही न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवायचा नाही. मूलभूत हक्कांचे कलम प्रथमच आले, हे मान्य; पण ते मोडले तर दाद मागायला आपल्या ३२ व्या कलमासारखे दार नव्हते. बाबासाहेबांनी ३२ व्या कलमाला घटनेचा आत्मा का म्हटले ते श्रीलंकेची ही घटना वाचून आम्हांला नव्याने समजले. सरकारी नोकरांच्या नेमणुका आणि बदल्या स्वतंत्र आयोगाकडून मंत्रिमंडळाकडे गेल्या. विधिमंडळाने जाता जाता आपलीच मुदतही वाढवून घेतली. आणि २९ वे कलम? त्याचा मागमूस राहिला नाही.

सहावे कलम

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. सहाव्या कलमात म्हटले की श्रीलंकेचे प्रजासत्ताक बौद्ध धर्माला अग्रस्थान देईल आणि त्याचे रक्षण व संवर्धन करणे हे राज्याचे कर्तव्य राहील. इतर धर्मांना आपापले हक्क राहतील. वाचताना प्रथम आमचाही ऊर भरून आला, हे खोटे कशाला सांगू? ज्या धम्माला आपल्या देशातून हुसकून लावले त्याला कुठेतरी घटनेने मानाचे पान वाढले.

पण बाबासाहेब हा देश पाहून आले होते. आपले प्रजासत्ताक चार महिन्यांचे असताना, मे १९५० मध्ये, कँडीला जागतिक बौद्ध परिषद भरली तेव्हा कायदामंत्री असलेले बाबासाहेब तिथे गेले. धम्म तिथे आचारात किती आणि विधीत किती उरला आहे, हे त्यांना डोळ्यांनी पाहायचे होते. कोलंबोत त्यांनी तिथल्या अस्पृश्यांना बौद्ध होण्याचे आवाहनही केले. याच बाबासाहेबांनी त्याआधी तीन वर्षे, १९४७ साली, 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात राज्याने कोणताही धर्म राज्यधर्म म्हणून मानू नये असे कलम लिहून ठेवले होते. धम्म त्यांना प्रिय नव्हता म्हणून नव्हे. राज्याच्या हाती दिलेला धर्म कोणाच्या हाती जातो, हे त्यांनी जन्मभर सोसले होते. आणि घटना समितीत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी त्यांनी सांगितले होते की अल्पसंख्याकांशी भेदभाव न करणे हे आपले कर्तव्य आहे, हे बहुसंख्याकांनी ओळखले पाहिजे. तेव्हा भारतात बौद्ध मूठभर होते. आजही आपण बहुसंख्य नाही. इथे जर कोणा एका धर्माला अग्रस्थान द्यायचे ठरले तर ते कोणाला मिळेल, हे त्या मुलाने स्वतःशीच ताडून पाहावे.

आणखी एक गोष्ट आपल्या माणसांना सांगितली की ती दचकतात. श्रीलंकेत जात आहे. १७५३ साली सयामहून उपसंपदा आणून तिथल्या संघाचे पुनरुज्जीवन झाले तो सियाम निकाय; पण थोड्याच काळात त्याची दारे फक्त गोयिगम या उच्च शेतकरी जातीसाठी राहिली. इतर जातींचे भिक्खू ब्रह्मदेशात गेले आणि १८०३ साली तिथून उपसंपदा घेऊन आले, तो अमरपूर निकाय. ज्या तथागताने उपाली नाभिकाला शाक्य राजपुत्रांच्या आधी प्रव्रज्या दिली, त्याच्या संघात! घटनेच्या सहाव्या कलमाने यावर काही केल्याचे आमच्या वाचनात नाही.

पुढचे पुढे

चेल्वनायकम यांनी ऑक्टोबर १९७२ मध्ये आपल्या जागेचा राजीनामा दिला: तामिळांना ही घटना मान्य आहे की नाही, ते पोटनिवडणुकीत ठरू द्या. सरकारने ती पोटनिवडणूक दोन वर्षांहून अधिक काळ लांबवली. फेब्रुवारी १९७५ मध्ये ती झाली आणि म्हातारे, कंपवाताने थरथरणारे चेल्वनायकम मोठ्या मताने निवडून आले. मे १९७६ मध्ये वड्डुकोड्डै येथे तामीळ नेत्यांनी वेगळ्या राज्याचा ठराव केला. संघराज्य मागणारा माणूस चार वर्षांत वेगळे राज्य मागू लागला. त्यानंतरचे सर्वांना ठाऊक आहे: १९८१ ची जाफन्याच्या ग्रंथालयाची होळी, १९८३ च्या जुलैतल्या कत्तली, आणि मे २००९ पर्यंत चाललेले युद्ध. सगळे पाप १९७२ च्या घटनेच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तामीळ बंदूकवाल्यांनीही आपल्याच माणसांचे रक्त कमी सांडले नाही. जाफन्यात तर तामीळ वेल्लाळ आपल्याच दलितांना देवळात घेत नव्हते. १९६८ साली माविट्टपुरमच्या देवळापुढे त्यावरून संघर्ष झाला होता. पण समझोत्याचे एक दार होते आणि ते त्या दिवशी भिंतीत चिणले गेले, एवढे म्हणायला हरकत नाही.

ती घटना स्वतः सहा वर्षेच जगली. १९७८ साली जयवर्धने यांनी दुसरी आणली आणि राष्ट्रपतीच्या हाती सगळी सत्ता दिली. बौद्ध धर्माचे अग्रस्थान तसेच राहिले. १९८७ च्या तेराव्या दुरुस्तीने तामिळलाही राजभाषा म्हटले. तोवर उशीर झाला होता. मळ्यावरच्या उरलेल्या बेवतन माणसांना नागरिकत्व देणारा कायदा २००३ साली आला, म्हणजे पंचावन्न वर्षांनी. २०२२ साली अन्न आणि डिझेल संपले तेव्हा लोकांनी रस्त्यावर येऊन राष्ट्रपती गोटाबाया राजपक्षे यांना देश सोडायला लावला. आणि १९७१ मध्ये ज्यांची पोरे गोळ्या खाऊन पडली त्या पक्षाचे अनुर कुमार दिसानायके सप्टेंबर २०२४ मध्ये मतपेटीतून राष्ट्रपती झाले.

हे सगळे आम्ही त्या मुलाला सांगितले; विहाराच्या ओट्यावर बसून, दोन रविवार लागले. राजेरजवाडे, निकाय, कलमे यांत तो फारसा रमला नाही. मध्येच थांबवून त्याने विचारले, "काका, त्या कारकुनाचं काय झालं? त्याला वेतनवाढ मिळाली का?"

आम्ही म्हणालो, "प्रकरण लंडनहून परत आलं, पण भाषेचा कायदा घटनेत बसतो की नाही, हे तपासायला कोणी घेतलंच नाही. मग नवी घटना आली. ज्या कलमावर तो भांडत होता, ते कलमच उरलं नाही."

"म्हणजे निकाल?"

"निकाल लागलाच नाही."